दाबलेलं अक्षर आणि त्याचं पोट

नाव बोर्डावर मावत नसलं, की फ्लेक्सवाल्याचा उपाय ठरलेला: कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजूचा ठिपका धरायचा आणि शब्द आत ढकलायचा. अरुंद जाड फॉन्ट म्हणजे असाच दाबलेला फॉन्ट, हा समज त्यातूनच आलाय.

तसं नसतं. रुंदी ६० टक्के केली, तर १० मिमीचा उभा दांडा ६ मिमीचा होतो, आडवी रेघ मात्र १० मिमीचीच राहते. देवनागरीत काना सुकतो आणि डोक्यावर शिरोरेखा ओंडक्यासारखी बसते.

मीमवर पांढऱ्या अक्षरांत, काळ्या किनारीसह दिसणारा 'इम्पॅक्ट' पाहा. १९६५ साली शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीने जेफ्री ली यांचा हा टाइप धातूच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत आणला. त्यात दांडे जाड आहेत, पण आडव्या रेघा मुद्दाम बारीक. इंग्रजी 'ई'च्या छोट्या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि दोन पोकळ्या एकावर एक बसवायच्या असतात. सगळंच जाड ठेवलं तर ठोकळा होईल.

खरा खेळ या पोकळीचा, म्हणजे अक्षराच्या पोटाचा. फट डोळ्याशी साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढा तरी कोन करत असेल, तरच निरोगी डोळ्याला ती वेगळी दिसते. ३० मीटरवरून ती भरते सुमारे ९ मिमी. आता अक्षराची रुंदी १० भाग धरा: दांडे ४ आणि ४, पोट २. पोट ९ मिमी हवं तर रुंदी ४५, आणि उंची रुंदीच्या दुप्पट धरली तर ९० मिमी. ही झाली किमान मर्यादा. ऊन, धूळ, पळती दुचाकी जमेला धरून तिप्पट घ्या, म्हणजे २७० मिमी. 'दहा फुटांना एक इंच' हा बोर्ड रंगवणाऱ्यांचा हिशेबही शंभर फुटांना २५४ मिमी सांगतो.

अंकशास्त्राच्या नादाने नावात जादा अक्षर घुसवलं, तर दुकान चालेल न चालेल, तेवढ्याच रुंदीत बाकीच्या अक्षरांची पोटं मात्र नक्की आत जातात.

किनार द्यायची तर ती अक्षराच्या मागे ठेवा. पुढे ठेवली तर तिची अर्धी जाडी अक्षराचंच अंग खाते. मागे ठेवल्यावर ती पोटात शिरते. पण पांढऱ्या अक्षराचं पोट काळं झालं तर बिघडत नाही, आकार उलट उठून दिसतो. मीममध्ये हेच होतं.

देवनागरीत धोका पोटापेक्षा शिरोरेखेतल्या फटीला जास्त. जाडीत ती बुजली, की 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होतो. 'द्ध', 'ष्ट्र' यांच्या गाठीही भरतात. म्हणून 'टेको'सारखा मुळातच अरुंद आखलेला देवनागरी फॉन्ट घ्यावा, आणि मात्रा-उकार एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ओळींत अंतर वाढवावं.

छापण्याआधी एक दशांश मापाची प्रिंट काढून तीन मीटरवरून वाचा. कोन तोच राहतो. 'धन'चं 'घन' दिसलं, तर फ्लेक्सवरही तेच दिसणार.