धूर आला म्हणजे इंजिन गेलं?

‘जुनी ओम्नी धूर सोडू लागली की इंजिन संपलं, सरळ बदला.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. धुराला घाबरणं साहजिक आहे, पण आधी त्याचा रंग बघा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. एअर फिल्टर, कार्बोरेटर तपासा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. तो सकाळी स्टार्ट करताना भसकन येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी सीलं, कडक झालेत. इंजिनच्या मानाने हे काम किरकोळ. चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल, तर पिस्टन रिंगवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर, संशय घ्यावा.

संशय फेडायला कॉम्प्रेशन टेस्ट आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम करून ओम्नीच्या तीन सिलिंडरचे तिन्ही स्पार्क प्लग काढायचे, एकेका सिलिंडरला दाब मोजणारा गेज लावून स्टार्टर फिरवायचा आणि आकडे लिहून ठेवायचे. एखाद्या सिलिंडरचा आकडा बराच कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधली सीलबंद पट्टी). मेकॅनिक ‘आवाजावरून कळतं’ म्हणाला तरी गेज लावायला सांगाच.

तिन्ही सिलिंडर खरंच झिजले असतील, तर बोअरिंग (सिलिंडर आतून घासून मोठ्या मापाचे करणं) की दुसरं, वापरलेलं इंजिन, हा हिशेब मांडायचा. दुसरं बसवलंच, तर त्याचा नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या; त्या वापरलेल्या इंजिनाची कागदपत्रं विक्रेत्याकडून पैसे देण्याआधीच मागा.