मूट कोर्ट आणि मॉडेल यूएन: वाद एकच, धडे दोन

आंतरराष्ट्रीय कायद्याचं मूट कोर्ट म्हणजे सरावासाठीचं नकली न्यायालय आणि मॉडेल यूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची नक्कल. दोन्हींत विद्यार्थी कुठल्यातरी देशाच्या वतीने बोलतात, म्हणून पदवीच्या वर्गात ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण मूट कोर्टात न्यायाधीशांना पटवायचं असतं, तर मॉडेल यूएनमध्ये इतर देशांची मतं मिळवायची असतात.

मूटमध्ये वादाची हकीगत आधीच लिहून दिलेली असते. तिच्यात पदरची भर घालता येत नाही. आधार शोधायचा तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतल्या कलम ३८ मध्ये: करार, रूढी, कायद्याची सामान्य तत्त्वं. ‘सगळे देश असंच करतात’ एवढ्याने रूढी सिद्ध होत नाही. कायद्याचं बंधन मानून ते तसं करतात, हेही दाखवावं लागतं. न्यायाधीश मध्येच अडवून नेमकं हेच विचारतात आणि पाठ केलेलं भाषण तिथेच कोलमडतं. माझ्या मते मूटचं खरं शिक्षण या अडवण्यात आहे.

मॉडेल यूएनमध्ये कायदा भाषणात येतो, पण निकाल मतांवर लागतो. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं हवीत, शिवाय पाच कायम सदस्यांपैकी कुणाचाही नकाराधिकार नको. इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात: प्रत्येक ठरावाला कायदा समजतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव बहुतांशी शिफारशी असतात. सुरक्षा परिषदेचे निर्णय मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २५ मुळे सदस्य देशांवर बंधनकारक ठरतात. हा फरक समजावण्यासाठी खेळ मध्येच थांबवावा लागला तरी चालेल.

निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात दोन्ही मंच एकापाठोपाठ येतात. २७ जून १९८६ रोजी न्यायालयाने अमेरिकेला बळाच्या बेकायदा वापराबद्दल दोषी धरलं. निकाल पाळला जात नाही म्हणून निकाराग्वा सनदेच्या कलम ९४ च्या आधारे सुरक्षा परिषदेकडे गेला. २८ ऑक्टोबरला ११ देश ठरावाच्या बाजूने होते, ३ तटस्थ आणि विरोधात एकटी अमेरिका. तिच्या नकाराधिकारामुळे ठराव पडला.

वर्गात हाच वाद दोनदा चालवावा: आधी न्यायालयात, मग परिषदेत, आणि भूमिका बदलून. पहिल्यांदा निकाराग्वाची बाजू मांडणाऱ्याने दुसऱ्यांदा अमेरिकेच्या खुर्चीत बसावं. नंतर प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यावं: न्यायालयात टिकलेला कोणता मुद्दा परिषदेत कामी आला नाही, आणि का?