पार्श्वभूमी : ॲना मिअर्स, ट्रॅकवरून पथकप्रमुखपदावर

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ४६० खेळाडूंची पथकप्रमुख होती माजी ट्रॅक सायकलपटू ॲना मिअर्स. पथकाने १८ सुवर्णांसह ५३ पदकं आणली. एका ऑलिम्पिकमध्ये इतकी सुवर्णं त्या देशाला पूर्वी कधीच मिळाली नव्हती. पण वरच्या एका निर्णयाने खेळाडूचं काय होतं, हे मिअर्सला फार आधी कळलं होतं.

ती वाढली क्वीन्सलंडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात. मोठी बहीण केरीही सायकलपटूच. २००४ साली अथेन्समध्ये मिअर्सने ५०० मीटर टाइम ट्रायल ३३.९५२ सेकंदांत पूर्ण केली. विश्वविक्रम आणि सुवर्ण, दोन्ही एकदमच.

आणि मग ती शर्यतच गेली. बीएमएक्सला, म्हणजे उंचवटे-उड्यांच्या मार्गावरच्या छोट्या सायकलींच्या शर्यतीला, जागा हवी म्हणून पुरुषांची एक किलोमीटर आणि महिलांची ५०० मीटर टाइम ट्रायल ऑलिम्पिकमधून वगळली. २००८ साली बीजिंगच्या ट्रॅकवर पुरुषांसाठी सात शर्यती होत्या, महिलांसाठी तीन. मिअर्सच्या हाती उरली स्प्रिंट. टाइम ट्रायलमध्ये झुंज घड्याळाशी असते. स्प्रिंटमध्ये समोर प्रतिस्पर्धी असते, आणि पुढची हवा तुम्ही कापावी म्हणून ती मुद्दाम रेंगाळते. वेगळाच खेळ म्हणायचा.

त्यात जानेवारी २००८मध्ये लॉस एंजेलिसला ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगात ती पडली. मानेचा दुसरा मणका मोडला, खांदा निखळला. सात महिन्यांनी बीजिंगमध्ये स्प्रिंटचं रौप्य, ब्रिटनच्या व्हिक्टोरिया पेंडलटनच्या मागे. २०१२ला लंडनमध्ये, पेंडलटनच्याच प्रेक्षकांसमोर, स्प्रिंटचं सुवर्ण जिंकून तिने त्या पराभवाची परतफेड केली. मधल्या काळात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन सुवर्णं. आपल्याकडे तेव्हा चर्चा घोटाळ्यांचीच होती.

२०१६ला रिओत ध्वजवाहक, केरिनमध्ये (सुरुवातीला मोटारगाडीच्या मागे धावून शेवटी वेगाची झुंज, अशी शर्यत) कांस्य, मग निवृत्ती. चार ऑलिम्पिक, सहा पदकं.

टोकियोचे पथकप्रमुख इयान चेस्टरमन २०२२ साली ऑस्ट्रेलियन ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांची जुनी जबाबदारी मिअर्सकडे आली. पॅरिसमध्ये पदकं मोजण्यापलीकडचं बरंच काम निघालं. वॉटरपोलोच्या महिला संघात कोविड शिरला, एका हॉकीपटूला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. ब्रेकिंगमध्ये, म्हणजे ब्रेकडान्सच्या स्पर्धेत, एकही गुण न मिळालेल्या रेचेल गनची तर जगभर टर उडवली गेली. मिअर्सने पत्रकारांपुढे तिची बाजू ठामपणे घेतली. २००८ साली पुरुषांचं वर्चस्व असलेल्या त्या खेळात गन एकटी बाई होती, याची आठवण मिअर्सने करून दिली.