डिझाईन पॅटर्न: घरबांधणीतून संगणकात आलेला विचार

मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘डिझाईन पॅटर्न’, म्हणजे सॉफ्टवेअर रचताना वारंवार येणाऱ्या अडचणींवरच्या ठरावीक मांडण्या, हा विषय बहुधा जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अंगाने शिकवला जातो, परंतु त्याचा उगम संगणकशास्त्रात नसून घरबांधणीत आहे. बर्कली येथे अध्यापन करणारे वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराच्या मांडणीपासून खिडकीलगतच्या बैठकीपर्यंतचे २५३ पॅटर्न त्यात आहेत. पुन्हा पुन्हा उद्भवणारी अडचण, तिच्यात परस्परविरोधी दिशांनी ओढणारे ताण आणि ते ताण सांभाळणारी मांडणी, अशी त्यांची घडण आहे.

यातील ‘ताण’ हा भाग समजण्यासाठी माळवदाचे घर पाहावे. जाड दगडी भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा थर ही रचना उन्हाळ्याच्या झळा थोपवते, जवळपासच्या सामानात उभी राहते आणि वर वाळवण घालायला जागा देते. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छते आणि मातीत रचलेल्या याच भिंती हजारो लोकांच्या जिवावर उठल्या. ज्या ताणांचा विचार करून ती रचना पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली, त्यांत भूकंप धरलेला नव्हता.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरांनी अलेक्झांडर यांची कल्पना १९८७ मध्ये स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेतील कामाला लावली आणि अवघ्या पाच पॅटर्नच्या आधारे खुद्द वापरकर्त्यांकडूनच पडद्यावरील खिडक्यांची रचना करून घेतली. (पॅटर्नची देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून याच कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी, म्हणजे वाचकांनाच संपादित करता येणारे संकेतस्थळ, सुरू केले; विकिपीडियाची पद्धत तेथूनच आली.) विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस यांच्या १९९४ च्या ग्रंथाने. त्यातील २३ पॅटर्नपैकी ५ वस्तुनिर्मितीचे (वस्तू म्हणजे प्रोग्राममधील ‘ऑब्जेक्ट’), ७ रचनेचे आणि ११ वर्तनाचे आहेत.

या चौघांनी प्रत्येक पॅटर्न कोठे लागू पडतो आणि त्याचे परिणाम काय होतात, हे स्वतंत्रपणे लिहिले होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र आकृती तेवढी उरते, आणि माझ्या मते पुढची बरीचशी बदनामी तेथूनच सुरू होते. एखाद्या वर्गाची (‘क्लास’ची, म्हणजे वस्तूंच्या साच्याची) एकच वस्तू असावी एवढ्यापुरता असलेला ‘सिंगलटन’ कोठूनही हात घालता येणारी सामायिक जागा म्हणून वापरला गेला आणि प्रोग्रामच्या चाचण्या लिहिणे जिकिरीचे झाले. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी तर १९९६ मध्ये दाखवून दिले की, २३ पैकी १६ पॅटर्न लिस्पसारख्या प्रोग्रामिंग भाषांत खूप सोपे होतात किंवा वेगळे दिसतही नाहीत. म्हणजे काही अडचणी मुळात भाषेच्याच होत्या.

संपूर्ण प्रणालीच्या पातळीवरील पॅटर्नचा प्रवाह याला समांतर वाहत होता. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७९ मध्येच ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ (माहिती, तिचे पडद्यावरील रूप आणि वापरकर्त्याच्या क्रियांची हाताळणी वेगवेगळी ठेवणारा पॅटर्न) मांडला होता. फ्रँक बुशमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये थर (प्रणालीची एकावर एक स्तरांत विभागणी), ब्रोकर (दूरच्या भागांमधील मध्यस्थ) यांसारख्या रचनांना सॉफ्टवेअरच्या वास्तुरचनेचे (‘आर्किटेक्चर’चे) पॅटर्न म्हणून वेगळे स्थान दिले. मायकेल नायगार्ड यांनी २००७ मध्ये लोकप्रिय केलेला ‘सर्किट ब्रेकर’ हा त्यानंतरचा. दूरची सेवा सतत अपयशी ठरू लागली की तो तिच्याकडे जाणाऱ्या विनंत्या काही काळ थांबवतो आणि नंतर चाचणीपुरती एखादी सोडून पाहतो. अनेक सेवा नेटवर्कवरून एकमेकींवर विसंबतात तेथे तो उपयोगी पडतो. एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या लहान प्रणालीत त्याला फारसे काम नसते.