घर्मग्रंथींची ओळख कशी पटत गेली

मे महिन्यात आणि पावसाळा सरताना मुंबईत अंगावरून घाम निथळतो, तरी जिवाची काहिली थांबत नाही. याचे कारण दमट हवेत आणि त्वचेतील घर्मग्रंथींच्या, म्हणजे घाम पाझरणाऱ्या ग्रंथींच्या, कामात आहे, आणि ते काम समजायला तीनशेहून अधिक वर्षे लागली.

इटलीतील वैद्य सान्तोरियो यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून आपले वजन, खाल्लेले अन्न आणि मलमूत्र यांचा वर्षानुवर्षे मेळ घातला. हिशेबात जी तूट उरे, ती शरीरातून नकळत उडून जाणाऱ्या बाष्पाची, असे त्यांनी १६१४ मध्ये मांडले. घर्मग्रंथींची रचना मात्र १८३० च्या दशकात, पुर्किन्ये यांच्यासारख्या सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकांमुळे स्पष्ट झाली: अंतस्त्वचेच्या तळाशी नळीचे वेटोळे, तेथून वर चढणारी नळी आणि बाह्यत्वचेत तिला पडणारा मळसूत्री पीळ. वेटोळ्यात तयार होणारा घाम बराच खारट असतो. वर येताना नळी त्यातील मीठ शोषून घेते, पण घाम भराभर सुटला की तिला तेवढी सवड मिळत नाही आणि ते मीठ कपड्यांवर पांढऱ्या डागांच्या रूपात दिसते.

१९२२ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ शिफरडेकर यांनी अंगभर पसरलेल्या एक्राइन ग्रंथी आणि काख व जांघेतील, केसांच्या मुळाशी उघडणाऱ्या अ‍ॅपोक्राइन ग्रंथी असे दोन प्रकार वेगळे केले. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी वयात येताना कामाला लागतात. त्यांच्या स्रावाला मुळात वास नसतो, तो त्वचेवरील जिवाणूंमुळे येतो. तैलग्रंथींची तऱ्हाच निराळी, कारण तिथे पेशी स्वतः फुटून तेल बनतात.

मुंबईकरांच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञ यास कुनो यांचे काम. माणसाच्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींपैकी किती कार्यक्षम होतात, हे आयुष्याच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतील हवामानावर ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. थंड मुलखातून मोठेपणी इथे आलेल्या माणसाच्या ग्रंथींची संख्या वाढत नाही, पण उकाड्यात वावरताना आठवड्या-दोन आठवड्यांत त्या लवकर आणि अधिक पाझरू लागतात.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. गळून पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. समुद्रावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, उलट सतत ओली राहिलेली त्वचा फुगून नळ्यांची तोंडे बुजतात आणि घामोळे उठते, तान्ह्या बाळांना तर विशेषच.