कुंग-फूपटांतला चिंगकाळ आला कुठून?

हाँगकाँगच्या जुन्या कुंग-फूपटांचा काळ ओळखायचा तर नायकाचं डोकं पाहावं. पुढचा भाग तुळतुळीत आणि मागे कमरेपर्यंत वेणी असेल, तर कथा मांचूंच्या चिंग राजवटीतली, म्हणजे १६४४ ते १९१२ मधली. ही केशरचना हौसेची नव्हती. उत्तरेकडून आलेल्या मांचूंनी १६४५ मध्ये ती सगळ्या हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांवर सक्तीने लादली. केस राखाल तर डोकं जाईल, डोकं राखायचं तर केस द्या, असा तो हुकूम लोकांच्या लक्षात राहिला. त्यामुळे वेणीवाला नायक पडद्यावर आला, की तो परक्या सत्तेखाली जगतो आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

या वेणीत एक चूक मात्र वारंवार होते. चिंग राजवटीच्या सुरुवातीला जवळजवळ सगळं डोकं भादरून मागे नाण्याएवढ्या जागेवर उंदराच्या शेपटीसारखी बारीक वेणी ठेवत. जाड, भरदार वेणी उत्तरकाळातली. छायाचित्रांत उरली तीही हीच, आणि चित्रपटात कथा अठराव्या शतकातली असली तरी नायकाच्या पाठीवर तीच रुळते.

दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे जळणारा शाओलिन मठ. हनान प्रांतातला शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरचा. बोधिधर्माने तिथे युद्धकला शिकवली ही आपल्याकडेही आवडीने सांगितली जाणारी कथा फार उशिरा, सतराव्या शतकातल्या एका व्यायामग्रंथामुळे रुजली. चित्रपटांतला मठ मात्र बहुधा दक्षिणेतला, फूचिएन प्रांतातला असतो, आणि तो चिंग फौजांनी जाळला याला भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. ही कथा वाढली ‘स्वर्ग आणि पृथ्वी’ या गुप्त मंडळाच्या दीक्षाविधीतून. १७६० च्या दशकात फूचिएनमध्ये सुरू झालेल्या या मंडळाची पुढे घोषणा होती: चिंगांना उलथा, मिंगांना (आधीच्या राजघराण्याला) परत आणा. शाओलिनच्या भिक्षूंनी बादशहासाठी लढाई जिंकून दिली, त्याने उलटून मठ जाळला आणि पाच जण वाचले, अशी त्यांची मूळकथा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या गेलेल्या एका लोकप्रिय कादंबरीत हे सगळं उलट आहे. तिथे वेश पालटून फिरणारा चिंगांचा चिएनलुंग बादशहा नायक, आणि शाओलिनचे लोक शेवटी हरतात. १९३० च्या दशकापासून कँटनी (दक्षिण चीनमधल्या कँटन भागातल्या) लेखकांनी तीच पात्रं उचलली आणि पारडं फिरवलं. शाओलिनचे हुंग हेई-गुन आणि फाँग साय-युक शूर ठरले, राजसत्तेच्या बाजूचा पांढऱ्या भुवयांचा पाक मेई खलनायक झाला. चित्रपटांना मिळालं ते हे फिरवलेलं रूप. माझ्या मते कुंग-फूपटाचा जन्म खरा इथेच झाला; कॅमेरा नंतर आला.

पडद्यावरची पहिली मोठी लाट शांघायची. १९२८ मध्ये सुरू झालेली ‘द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेम्पल’ ही मालिका १९३१ पर्यंत अठरा भागांची झाली. अंधश्रद्धा पसरते म्हणून सरकारने अशा चित्रपटांवर बंदी घातली, आणि पुढे हा धंदा हाँगकाँगमध्ये फोफावला.

तिथे १९४९ मध्ये वाँग फेई-हुंगवरचा पहिला चित्रपट आला. वाँग (१८४७–१९२५) हा फोशानजवळचा खराखुरा माणूस, हाडवैद्य आणि कुंग-फूतल्या हुंग शैलीचा गुरू. कँटनी ऑपेराचा नट क्वान ताक-हिंग याने ही भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली. एकट्या १९५६ मध्ये असे पंचवीस चित्रपट आले. वाँगचा शिष्य लाम साय-विंग, त्याचा शिष्य लाउ चाम, आणि लाउ चामचा मुलगा लाउ कार-लेउंग. हे बापलेक दोघंही या चित्रपटांत काम करत होते. म्हणजे गुरूची गोष्ट सांगणाऱ्यांत त्याच गुरुपरंपरेतली माणसं होती.

१९६१ मध्ये शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा हाँगकाँगमधल्या क्लिअरवॉटर बे इथला स्टुडिओ उघडला. सुरुवातीचा भर मँडरिन या प्रमाण चिनी भाषेतल्या तलवारपटांवर होता. दिग्दर्शक किंग हू यांनी पेकिंग ऑपेराची लय आणली: ताल चढत जातो, एकदम थांबतो, नट पवित्र्यात स्थिर होतो, मग वार. दुसरे दिग्दर्शक चांग चेह यांच्याकडे लाउ कार-लेउंग झुंजी बसवत असे, आणि १९७४ पासून चांग यांनी जळालेल्या मठाची कथा घेऊन चित्रपटांची मालिकाच काढली.

झुंज वेगवान दिसावी म्हणून कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० चौकटींनी चालवत. २२ ला हालचाल सुमारे नऊ टक्के जलद दिसते, २० ला वीस टक्के. आवाज नंतर भरला जाई, त्यामुळे बोलणं बिघडत नसे. प्रमाण चुकलं तर लबाडी हातापायांत दिसत नाही, ती अंगरख्याच्या घोळात, वेणीच्या झोक्यात आणि खाली बसणाऱ्या धुळीत पकडली जाते. रुंद पडद्यावर लांब काठी टोकापासून टोकापर्यंत मावते, पण पाय चौकटीबाहेर गेले की हुंग शैलीतली खोल, घोड्यावर बसल्यासारखी बैठक दिसतच नाही, आणि त्या शैलीचा सगळा जोर तर तिथून येतो. लाउ स्वतः दिग्दर्शक झाल्यावर पूर्ण शरीर चौकटीत ठेवून दहा-बारा डाव सलग घेई. अशा वेळी एकाचा ठेका चुकला, तर समोरच्याला खरा फटका बसतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

१९७८ च्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये त्याने वेगळीच गोष्ट केली. सूड मागे सारून शिक्षण पुढे आणलं. तोल, मनगट, नजर, डोकं, एकेका अवयवासाठी एकेक दालन. पस्तीस दालनं पार केलेला भिक्षू सान ते छत्तिसावं मागतो, ते मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी.