झोप सुटली की झोप बिघडली?

माझी मुलगी साडेअकरा महिन्यांची असताना अचानक दुपारची दुसरी झोप घेईनाशी झाली. कॉटमध्ये ठेवलं की दोन सेकंदांत कठड्याला धरून उभी, आणि वर आमच्याकडे बघून खिदळणार. चार दिवस हाच कार्यक्रम. पाचव्या दिवशी आम्ही दोघांनी जाहीर करून टाकलं, हिची दुसरी झोप सुटली. त्याच संध्याकाळी सव्वापाचला ती जेवणाच्या खुर्चीत, चमचा तोंडात असतानाच, पेंगून एका बाजूला कलंडली. रात्री नऊ, अकरा आणि एक, तिन्ही वेळा रडत उठली. झोप सुटली नव्हती, बिघडली होती. आपल्याला उभं राहता येतं हे तिला नुकतंच कळलं होतं आणि ते झोपण्यापेक्षा जास्त मजेचं होतं, एवढीच भानगड.

बाळ झोपायला नकार देतं तेव्हा वरवर पाहता या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आत मात्र उलटं चाललेलं असतं. झोप सुटते तेव्हा तिची गरजच संपत आलेली असते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप चढते. तान्ह्या बाळाला तासाभराच्या जागेपणातच पेंग येते, वर्षाच्या मुलाला त्यासाठी तीन-चार तास लागतात. जागं राहण्याची ताकद वाढली की दिवसातल्या झोपांना जागा उरत नाही, आणि एकेक झोप गळत जाते. झोप बिघडते तेव्हा गरज होती तेवढीच असते, फक्त मध्ये काहीतरी आडवं येतं: नवीन रांगणं, दात, सर्दी, प्रवास, किंवा आई खोलीबाहेर गेली की ती गेलीच अशी भीती.

झोप सुटण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वेळापत्रक वगैरे काही नसतं. दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच शरीराला कळलेलं नसतं, त्यामुळे त्या काळात घड्याळ बाजूला ठेवलेलंच बरं. पुढे सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान दिवसाच्या तीन झोपांच्या दोन होतात, बारा ते अठरा महिन्यांत दोनाची एक, आणि ती शेवटची एक बहुतेक मुलांची तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान जाते. बिघडण्याचे हंगाम चौथ्या महिन्याच्या आसपास, मग आठ ते दहा महिन्यांत, पुन्हा वर्षाच्या आगेमागे आणि दीड वर्षाच्या सुमारास. म्हणजे वाढदिवसाच्या आसपास दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर चढतात. आम्ही फसलो ते तिथेच, आणि माझ्या पाहण्यातले बरेच आईबाप तिथेच फसतात.

मग ओळखायचं कसं? नाकारलेल्या झोपेकडे बघून काही कळत नाही. त्यानंतरचा दिवस बघायचा. झोप खरंच सुटत असेल तर ती चुकल्यावरही बाळ संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी खुशीत असतं. किंवा झोप घेतं, पण मग रात्री दहापर्यंत टक्क जागं. बिघडली असेल तर चारनंतर घरात वादळ. डोळे चोळणं, क्षुल्लक गोष्टीवरून भोकाड पसरणं, दोन पावलं चालून धपकन बसणं, आणि रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळा उठणं. अतिथकलेलं बाळ गाढ झोपेल असं आपल्याला वाटतं, पण घडतं उलटंच. थकव्याने शरीर ताणात येतं आणि झोप उथळ होते. पहाटे पाचला उठणं हा मात्र फितूर साक्षीदार. तो दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका.

दुसरी कसोटी वेळेची. बिघाड बहुतेकदा दोन ते सहा आठवड्यांत निवळतो. सुटण्याची वाटचाल माघारी फिरत नाही. म्हणून किमान दोन आठवडे झोपेची वेळ तशीच ठेवायची. झोपलं नाही तरी खोलीत अंधार करून, अर्धा-पाऊण तास शांत पडू द्यायचं. या काळात चोवीस तासांतली एकूण झोपही कागदावर लिहून बेरीज करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या झोपांसह १२ ते १६ तास झोप हवी, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. मुलीची बेरीज आम्ही केली तेव्हा ती साडेदहा निघाली आणि वाद तिथेच मिटला.

हीच गल्लत पिण्या-खाण्याच्या बाबतीतही होते, आणि तिथे ती जास्त महागात पडू शकते. चौथ्या महिन्यात बाळ रात्री दर दोन तासांनी उठायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘दूध पुरत नाही, आता वरचं अन्न सुरू करा.’ त्या सुमारास खरं तर झोपेचीच घडण बदलत असते. नवजात बाळाच्या झोपेच्या दोनच अवस्था असतात. तीन-चार महिन्यांत मोठ्यांसारखे टप्पे तयार होऊ लागतात आणि साधारण तासाभराच्या प्रत्येक आवर्तनाच्या टोकाला बाळ अर्धवट जागं होतं. दिवसाही एक गोष्ट घडत असते: आता त्याला लांबचं दिसतं, दार वाजलं की मान वळते, दोन घोट घेतले की पंखा बघायचा असतो. दिवसा अर्धपोटी राहिलेलं बाळ रात्री वसुली करतं. अशा वेळी दिवसाचं दूध शांत, थोड्या अंधाऱ्या खोलीत पाजायला सुरुवात केली तर पुष्कळदा फरक पडतो.

वरच्या अन्नाची तयारी ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत: मान घट्ट धरणं, आधाराने बसणं, तोंडात घातलेलं जिभेने बाहेर न ढकलणं, दुसऱ्याच्या घासाकडे हात नेणं. या यादीत रात्रीचं उठणं कुठेही नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचं दूध आणि मग पूरक आहार, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा अन्न, आणि दूध त्याच्या जोडीला चालूच.

एक उलटी बाजूही आहे. आठ-नऊ महिन्यांचं बाळ एके दिवशी छातीशी घेतलं की पाठ वाकवून रडतं, तेव्हा ‘याने आपणहून दूध सोडलं’ असं समजलं जातं. वर्षाच्या आत असं एकाएकी सोडणं विरळाच. खरं सुटतं ते हळूहळू, आधी एक वेळ, काही आठवड्यांनी दुसरी. एका रात्रीत नकार आला तर नाक चोंदलंय का, कान दुखतोय का, हिरड्या सुजल्यात का ते बघा. ताप असेल, ओल्या लंगोटांची संख्या घटली असेल किंवा बाळ मलूल वाटत असेल तर ही कोडी सोडवत न बसता डॉक्टरांना गाठा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र नियोजित तारखेपासून मोजा. नाहीतर वरचे सगळे आकडे चुकतील.

झोप खरोखरच सुटत असेल तर जेवणाची घडीही तिच्याबरोबर हलवावी लागते, हे कुणी सांगत नाही. दोनाची एक झोप होताना सकाळचं जागेपण लांबतं. मग जेवण साडेअकराला आणलं नाही तर मूल एकतर उपाशी झोपतं किंवा ताटातच डुलतं. झोपेची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी पुढे ढकलायची, रात्रीची अर्ध्या तासाने अलीकडे आणायची, आणि एखादा दिवस दोन झोपांचा गेला तर जाऊ द्यायचा. महिनाभर असा खेळखंडोबा चालतो.

आमच्या मुलीची दुसरी झोप पुढे सोळाव्या महिन्यात गेली. एका दुपारी चार वाजता लक्षात आलं की तिला झोपवायचं राहूनच गेलंय, आणि ती जमिनीवर बसून डब्याचं झाकण लावण्यात गढलेली होती.